पेलिन विरुद्ध 'न्यू यॉर्क टाइम्स': एका अग्रलेखातील एका वाक्याचे प्रकरण

मोठी वृत्तपत्रे आपल्याकडे आकसाने पाहतात, अशी अमेरिकेतील पुराणमतवादी मतदारांची जुनी तक्रार आहे. ती प्रचारसभांतून आणि वृत्तवाहिन्यांवरील वादांतून रोज ऐकू येते; पण शपथेवरची साक्ष, उलटतपासणी आणि वृत्तपत्राच्या आतले कागद यांच्या आधारे तिची छाननी झाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. अलास्काच्या माजी गव्हर्नर आणि २००८ च्या निवडणुकीतील रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'वर लावलेला अब्रुनुकसानीचा दावा हे त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण होय. पेलिन यांच्या समितीने काढलेल्या एका नकाशाचा २०११ च्या एका गोळीबाराशी संबंध जोडणारे वाक्य वृत्तपत्राने अग्रलेखात छापले, त्यावरून हा दावा झाला. जून २०१७ मध्ये दाखल झालेल्या या दाव्यात ज्युरीचा दुसरा निकाल एप्रिल २०२५ मध्ये आला. पेलिन दोन्ही वेळा हरल्या. तरीही या आठ वर्षांत जे मसुदे, ईमेल आणि पहाटेचे निरोप न्यायालयापुढे आले, ते वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की उजव्यांची तक्रार मुळात खरी होती आणि तिचा निवाडा करण्याचे साधनच त्या न्यायालयाकडे नव्हते.

टूसॉन, २०११

८ जानेवारी २०११ रोजी, शनिवारी सकाळी, अॅरिझोना राज्यातील टूसॉन शहराजवळ सेफवे या किराणा दुकानाबाहेर डेमोक्रॅटिक पक्षाच्या काँग्रेस सदस्य गॅबी गिफर्ड्स मतदारांच्या भेटी घेत होत्या. २२ वर्षांच्या जॅरेड लॉफ्नर याने तेथे ग्लॉक पिस्तुलातून गोळीबार केला. पिस्तुलाला ३३ गोळ्यांचे लांब मॅगझिन लावलेले होते. संघीय न्यायाधीश जॉन रोल आणि नऊ वर्षांची एक मुलगी यांच्यासह सहा जण मृत्युमुखी पडले. गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी घुसली, त्या वाचल्या, आणि आणखी बारा जणांना गोळ्या लागल्या.

काही तासांतच पेलिन यांचे नाव पुढे आले. त्याला निमित्त होता एक नकाशा. मार्च २०१० मध्ये, ओबामा यांच्या आरोग्यविमा कायद्याच्या बाजूने मतदान करणाऱ्या २० डेमोक्रॅटिक सदस्यांचे मतदारसंघ पेलिन यांच्या राजकीय निधी समितीने प्रसिद्ध केले होते आणि नकाशावर प्रत्येक मतदारसंघावर बंदुकीच्या दुर्बिणीतून दिसते तशी फुली काढली होती. त्याच सुमारास पेलिन यांनी आपल्या अनुयायांना माघार न घेता पुन्हा गोळ्या भरा, असा संदेशही दिला होता. गिफर्ड्स यांचा मतदारसंघ त्या वीसांत होता, आणि त्यांनी स्वतःच त्या वेळी एका मुलाखतीत अशा चिन्हांचे परिणाम होतात, असे बजावले होते. गोळीबारानंतर पेलिन यांच्या एका सहायिकेने त्या फुल्या म्हणजे जमीनमोजणीची चिन्हे होती, असे सांगून पाहिले. ते स्पष्टीकरण पेलिन यांच्या चाहत्यांच्याही गळी उतरणे कठीण होते. नकाशा असभ्य होता, हे मान्य करायला हरकत नाही.

परंतु नकाशा असभ्य असणे आणि त्यामुळे सहा माणसे मरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तपासात जे पुढे आले ते नेमके उलटे होते. लॉफ्नरच्या तिजोरीत २००७ चे एक पत्र सापडले. गिफर्ड्स यांच्या एका मतदार भेटीला तो हजर राहिल्याबद्दल आभार मानणारे ते पत्र होते. त्याच्यासोबत हत्येची योजना आखल्याच्या त्याच्याच हस्ताक्षरातील नोंदी होत्या. म्हणजे गिफर्ड्स यांच्याविषयीचे त्याचे वेड पेलिन हे नाव देशाला ठाऊक होण्याच्या आधीपासूनचे होते. तो गंभीर मनोविकाराने ग्रस्त होता, शब्दांना अर्थ नसेल तर सरकार म्हणजे काय, असले प्रश्न तो विचारीत असे, आणि तो नकाशा त्याने पाहिल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. खुद्द 'टाइम्स'ने जानेवारी २०११ मधील आपल्या अग्रलेखात या वेड्याच्या कृत्याचा दोष थेट रिपब्लिकनांवर किंवा टी पार्टी या उजव्या चळवळीवर टाकणे उथळ आणि चुकीचे ठरेल, असे म्हटले होते. हा अग्रलेख पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

बंदुकीच्या प्रश्नावर मात्र टूसॉनने दोन्ही बाजूंना हत्यारे पुरवली. लॉफ्नरने पिस्तूल नोव्हेंबर २०१० मध्ये दुकानातून, पार्श्वभूमीची तपासणी पार करून, कायदेशीररीत्या विकत घेतले होते. तपासणीची व्यवस्था कुचकामी असल्याचे नियंत्रणवादी सांगू लागले, तर तपासण्या वाढवून वेडे अडत नाहीत, असे शस्त्रहक्काचे पुरस्कर्ते म्हणू लागले. मॅगझिन बदलण्याच्या क्षणी उपस्थितांनी त्याला पाडले, यावरून मोठ्या मॅगझिनवर बंदी घालण्याची मागणी पुढे आली. शेजारच्या दुकानातून एक सशस्त्र नागरिक धावत आला होता. पिस्तुलावर हात ठेवून तो पोहोचला तेव्हा हल्लेखोराकडून हिसकावलेले शस्त्र दुसऱ्याच एका माणसाच्या हातात होते, आणि त्याने क्षणभर थांबून गोळी झाडली नाही, म्हणून एक निरपराध माणूस वाचला. ही घटना दोन्ही गट आपापल्या सोयीने सांगतात. गिफर्ड्स स्वतः बंदूक बाळगत होत्या, आणि २००८ च्या हेलर खटल्यात राजधानीतील पिस्तूलबंदीच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात सादर झालेल्या निवेदनावर त्यांचीही सही होती, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही. पुढे २०१३ मध्ये त्यांनी बंदूक नियंत्रणासाठी संघटना उभारली.

अलेक्झांड्रिया, २०१७

१४ जून २०१७ रोजी सकाळी वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रिया येथे रिपब्लिकन काँग्रेस सदस्य वार्षिक बेसबॉल सामन्याचा सराव करीत होते. इलिनॉय राज्यातून आलेल्या ६६ वर्षांच्या जेम्स हॉजकिन्सन याने मैदानावर असलेले लोक कोणत्या पक्षाचे आहेत, हे आधी विचारून घेतले आणि मग रायफलीने गोळीबार केला. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते स्टीव्ह स्कॅलीस अत्यवस्थ झाले. पोलिसांनी हॉजकिन्सनला ठार केले. त्याच्याजवळ सहा रिपब्लिकन सदस्यांच्या नावांची यादी सापडली. तो डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या २०१६ च्या प्रचारात स्वयंसेवक होता, आणि ट्रम्प व रिपब्लिकन पक्षाविरुद्ध त्याच्या लिखाणाचा पाऊस समाजमाध्यमांवर पडत होता. सँडर्स यांनी त्याच दिवशी सिनेटमध्ये निःसंदिग्ध शब्दांत निषेध केला.

उजव्यांनी त्या दिवशी दोन गोष्टी मांडल्या. पहिली बंदुकीविषयी. स्कॅलीस हे पक्षनेतृत्वात असल्यामुळेच त्यांच्यासोबत कॅपिटॉल पोलिसांचे, म्हणजे संसदेच्या पोलिस दलाचे, सुरक्षारक्षक होते, आणि त्या रक्षकांनी उलट गोळीबार केला म्हणून संहार टळला. ते नेमके त्या दिवशी आले नसते तर मैदानावरील कोणाकडेही प्रतिकाराचे साधन नव्हते. दुसऱ्याच दिवशी केंटकीचे थॉमस मॅसी यांनी राज्यांत मिळालेला शस्त्रपरवाना राजधानीतही मान्य व्हावा, असे विधेयक मांडले. मैदानावर हजर असलेल्या मो ब्रुक्स यांना, आता तुमचे मत बदलले का, असे पत्रकारांनी विचारले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा, हक्क प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी आहे, हे आपले जुने मतच पुन्हा सांगितले. स्कॅलीस यांनीही बरे झाल्यानंतर या अनुभवाने आपली भूमिका अधिक पक्की झाल्याचे सांगितले. गोळी लागलेल्या माणसाने आता तरी सुधारावे, ही अपेक्षा या मंडळींना अपमानास्पद वाटते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा संताप समजत नाही.

दुसरी गोष्ट होती जबाबदारीची. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी एका नकाशावरून उजव्यांना रक्ताचे वाटेकरी ठरवले, ते आता या यादीबद्दल आणि लिखाणाबद्दल काय म्हणणार, असा प्रश्न ते विचारीत होते. हॉजकिन्सनचा हेतू राजकीय होता यात शंका नव्हती. अलेक्झांड्रियाच्या सरकारी वकिलांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या अहवालात ते दहशतवादी कृत्य ठरवले. मात्र एफबीआयने ते पोलिसांच्या हातून मरण ओढवून घेण्याचे प्रकरण म्हणून नोंदवल्याचे २०२१ मध्ये उघड झाले, आणि रिपब्लिकन सदस्यांनी आरडाओरडा केल्यावर ते देशांतर्गत हिंसक अतिरेक म्हणून नव्याने वर्गीकृत करण्यात आले.

एका संध्याकाळची लगबग

त्याच दिवशी 'टाइम्स'च्या संपादक मंडळाने या गोळीबारावर अग्रलेख लिहायचे ठरवले. वॉशिंग्टनमधील सदस्य एलिझाबेथ विल्यमसन यांनी मसुदा तयार केला. त्यात टूसॉनचा उल्लेख होता. त्या वेळी बंदूकसमर्थक उजव्यांवर टीका होत होती, असे म्हणून पेलिन यांच्या नकाशाकडे बोट दाखवले होते. ते वाक्य तिरकस होते, पण कार्यकारणाचा दावा करीत नव्हते. नकाशाच्या उल्लेखाला एबीसी न्यूजच्या जानेवारी २०११ मधील बातमीचा दुवा जोडलेला होता, आणि त्या बातमीत हे चित्र आणि अॅरिझोनातील गोळीबार यांच्यात कोणताही संबंध जोडला गेलेला नाही, असे स्पष्ट म्हटले होते.

संपादकीय पानाचे प्रमुख जेम्स बेनेट यांना मसुदा पुरेसा धारदार वाटला नाही. छपाईची वेळ जवळ आलेली असताना त्यांनी तो स्वतः बसून बदलला. टूसॉनमध्ये राजकीय चिथावणीशी असलेला संबंध स्पष्ट होता, असे वाक्य त्यांनी घातले, आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या बाबतीत मात्र गिफर्ड्स यांच्यावरील हल्ल्याइतकी थेट चिथावणी दिसत नाही, अशी पुस्तीही जोडली. आपण बरेच बदलले आहे, काय साधायचा प्रयत्न आहे ते लक्षात येईल, अशा अर्थाचा ईमेल त्यांनी विल्यमसन यांना पाठवला, आणि त्यांनी छान झाले आहे, असे कळवले. इतर अनुभवी सहकाऱ्यांच्या नजरेखालूनही मजकूर गेला. एबीसीच्या बातमीचा दुवा जसाच्या तसा राहिला. म्हणजे त्या रात्री ज्या वाचकाने त्या दुव्यावर बोट ठेवले असते, त्याला अग्रलेखाचे खंडन अग्रलेखातच सापडले असते.

बेनेट यांनी तो दुवा उघडून पाहिला नव्हता. त्यांनी टूसॉनसंबंधीचे 'टाइम्स'चे जुने लिखाण मागवले होते आणि ते त्यांच्याकडे पाठवलेही गेले होते. पण त्याच्या आधारे आपले वाक्य तपासून पाहिल्याचे त्यांच्या साक्षीतून दिसले नाही.

ज्या घटनेत राजकीय हेतू सिद्ध होता, तिथे चिथावणी अंधुक ठरली, आणि ज्या घटनेत असा संबंध कोणालाच सापडला नव्हता, तिथे ती स्पष्ट ठरली. उजव्या वाचकांना जे झोंबले ते हे. रिपब्लिकनांवर झालेल्या हल्ल्याच्या रात्री लिहिलेल्या अग्रलेखाचे बोट शेवटी एका रिपब्लिकन नेत्याकडेच वळले होते.

हे प्रथम लक्षात आणून दिले ते त्याच वृत्तपत्राचे पुराणमतवादी स्तंभलेखक रॉस डाउदॅट यांनी. अग्रलेख संकेतस्थळावर आल्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास, त्यांनी बेनेट यांना ईमेल पाठवून लॉफ्नरच्या चिथावणीचा असा पुरावा आपल्या माहितीत नाही, असे कळवले. बेनेट यांनी रात्री विल्यमसन यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. त्या झोपल्या होत्या. पहाटे पाचनंतर बेनेट यांनी पुन्हा निरोप धाडला. उठला आहात का, गिफर्ड्सच्या तुलनेवरून उजवे आपल्यावर तुटून पडत आहेत, आपले बरोबर आहे ना, असे त्यात विचारले होते. हा निरोप दोन्ही पक्षांच्या वकिलांनी ज्युरीला वाचून दाखवण्यासारखा होता. चूक कळताच माणूस बेचैन होतो, तो जाणूनबुजून खोटे लिहिणारा नसतो, असे एका बाजूला म्हणता येते. छापण्याआधी विचारायचा प्रश्न छापल्यानंतर आणि तोही टीका झाल्यावर सुचला, असे दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वाक्य काढून टाकण्यात आले आणि दुरुस्ती प्रसिद्ध झाली. नंतर नकाशावर फुल्या व्यक्तींवर नसून मतदारसंघांवर होत्या, अशीही दुरुस्ती करावी लागली. महत्त्वाच्या तथ्यात आपण चुकलो, असे वृत्तपत्राने समाजमाध्यमांवर लिहिले. मात्र त्या दुरुस्तीत पेलिन यांचे नाव नव्हते आणि त्यांची क्षमाही मागितलेली नव्हती. तेवढे केले असते तर कदाचित पुढची आठ वर्षे टळली असती, असे मला वाटते. पण वृत्तपत्रांना चूक कबूल करण्यापेक्षा ज्याच्याबाबत चूक झाली त्याचे नाव घेणे अधिक जड जाते.

न्यायालयात

पेलिन यांनी २७ जून २०१७ रोजी न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. त्यांचा अडथळा होता १९६४ चा. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'न्यू यॉर्क टाइम्स' विरुद्ध सुलिव्हन या खटल्यात, अलाबामातील एका नगर आयुक्ताला कनिष्ठ न्यायालयाने दिलेली पाच लाख डॉलरची भरपाई रद्द करून, सार्वजनिक अधिकाऱ्यांसाठी कठोर कसोटी घालून दिली. मजकूर खोटा असणे पुरेसे नाही. तो खोटा असल्याचे लिहिणाऱ्याला माहीत होते, किंवा खरेखोटेपणाबद्दल गंभीर शंका असूनही त्याने तो बेपर्वाईने छापला, हे ठोस पुराव्याने सिद्ध करावे लागते. १९६७ मध्ये हीच कसोटी सर्व सार्वजनिक व्यक्तींना लागू झाली. नागरी हक्क चळवळीच्या बातम्या देणाऱ्या वृत्तपत्रांना दक्षिणेतील ज्युरींनी दिवाळखोरीत काढू नये, हा त्यामागचा तातडीचा हेतू होता.

न्यायाधीश जेड रॅकॉफ यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये बेनेट यांची साक्ष ऐकून दावा फेटाळला. या टप्प्यावर साक्षीदाराच्या विश्वासार्हतेचा निर्णय न्यायाधीशाने करणे गैर आहे, असे म्हणून न्यू यॉर्कवर अधिकार असलेल्या दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये दावा पुन्हा जिवंत केला. बेनेट यांचे बंधू मायकल हे कोलोरॅडोचे डेमोक्रॅटिक सिनेटर आहेत आणि टूसॉनच्या काही दिवस आधी त्यांच्या कार्यालयावर गोळीबाराची धमकी आली होती, ही बाबही त्या न्यायालयाने विचारात घेतली. बेनेट यांना टूसॉनविषयी काहीच ठाऊक नसणे शक्य नव्हते, असा पेलिन यांच्या वकिलांचा युक्तिवाद होता. हेच वकील त्याआधी हल्क होगन या कुस्तीगिराच्या खटल्यात गॉकर हे संकेतस्थळ बुडवून आले होते, त्यामुळे माध्यमांना त्यांची धास्ती होती.

फेब्रुवारी २०२२ मधील पहिल्या सुनावणीचा शेवट विचित्र झाला. ज्युरी विचारविनिमय करीत असतानाच रॅकॉफ यांनी, निकाल काहीही लागो, आपण दावा फेटाळणार, असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी ज्युरीने 'टाइम्स'च्या बाजूने कौल दिला, आणि मग कळले की काही सदस्यांच्या फोनवर त्या घोषणेच्या बातम्या आधीच येऊन पडल्या होत्या. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये, इतर चुकांसह या कारणासाठीही, तो निकाल रद्द केला. एप्रिल २०२५ मधील दुसऱ्या सुनावणीत बेनेट यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात डोळ्यांत पाणी आणून पेलिन यांची क्षमा मागितली. २२ एप्रिलला ज्युरीने सुमारे दोन तासांत पुन्हा 'टाइम्स'च्या बाजूने निकाल दिला.

कायद्याच्या दृष्टीने तो निकाल मला बरोबर वाटतो. ज्याला आपले वाक्य खोटे आहे हे ठाऊक आहे, तो त्याच वाक्याखाली त्याचे खंडन करणारा दुवा शिल्लक ठेवत नाही. बेनेट खोटे बोलले नाहीत. त्यांना ते खरे वाटले होते.

तक्रार नेमकी कशाची

उजव्यांच्या दृष्टीने हेच सर्वांत वाईट उत्तर आहे, आणि ते का, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी नीट मांडले. वाक्य बेनेट यांना खरे वाटले, विल्यमसन यांना खटकले नाही, इतर सहकाऱ्यांनाही खटकले नाही. खटकले ते डाउदॅट यांना, आणि डाउदॅट संपादक मंडळावर नव्हते. सुलिव्हनची कसोटी लिहिणाऱ्याच्या मनात शंका होती का, एवढेच विचारते. ज्या खोलीत सगळ्यांची मते सारखी असतात तिथे शंका जन्मालाच येत नाही, आणि शंका नसेल तर दोषही सिद्ध होत नाही. म्हणजे पूर्वग्रह जितका एकजिनसी, तितका कायदेशीर बचाव भक्कम. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी २०२१ मध्ये बेरिशा प्रकरणातील आपल्या भिन्नमतात जवळजवळ हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला होता: तपासणी न करता छापणे हेच आता कायदेशीरदृष्ट्या सर्वांत सोयीचे धोरण बनले आहे.

याची दुसरी बाजू या निकालाच्या दोन वर्षे आधी दिसली होती. २०२० च्या निवडणुकीत मतदान यंत्रांमध्ये गडबड झाल्याचे दावे प्रसारित केल्याबद्दल ती यंत्रे पुरवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने फॉक्स न्यूज या उजव्या वृत्तवाहिनीवर खटला भरला, आणि फॉक्सने एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. फॉक्सचाही बचाव सुलिव्हनवरच उभा होता. तो तिथे कोसळला, कारण वाहिनीतील नामांकित मंडळी खासगी निरोपांत त्या दाव्यांची टर उडवीत होती. फॉक्सच्या लोकांना खोटे असल्याचे कळत होते, म्हणून त्यांना किंमत मोजावी लागली. 'टाइम्स'च्या लोकांना कळत नव्हते, म्हणून ते सुटले. कायद्याच्या चौकटीत हा फरक योग्यच आहे. पण वाचकाच्या बाजूने पाहिले तर अडाणी आत्मविश्वास हा जाणत्या खोटेपणापेक्षा कमी घातक आहे, असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

बेनेट यांना उजव्यांनी खलनायक ठरवले, तेही तितकेसे खरे नाही. २०१७ च्या वसंतात पुराणमतवादी स्तंभलेखक ब्रेट स्टीफन्स यांना 'टाइम्स'मध्ये आणून डाव्या वाचकांचा रोष ओढवून घेणारे तेच होते. जून २०२० मध्ये दंगली आवरण्यासाठी सैन्य पाठवावे, अशा अर्थाचा रिपब्लिकन सिनेटर टॉम कॉटन यांचा लेख त्यांच्या विभागाने छापला, तेव्हा कार्यालयातील कर्मचाऱ्यांनीच बंड केले आणि बेनेट यांना राजीनामा द्यावा लागला. २०२३ च्या अखेरीस 'इकॉनॉमिस्ट'च्या नियतकालिकात दीर्घ लेख लिहून त्यांनी आपले जुने वृत्तपत्र एकांगी मतांना शरण गेल्याची टीका केली. पेलिन यांच्याविरुद्धचे वाक्य लिहिणारा माणूसच पुढे उजव्यांच्या आरोपाचा सर्वांत वजनदार साक्षीदार ठरला.

उपाय आणि त्याचे अडथळे

सुलिव्हन रद्द करावा, ही मागणी न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी २०१९ पासून उचलून धरली आहे, आणि पेलिन यांचा दावा त्यासाठी योग्य वाहन ठरेल, असे अनेक उजव्या विश्लेषकांना वाटत होते. आपल्याकडच्या वाचकाला या मागणीत फारसे वावगे वाटणार नाही. टाइम्स नाऊ वाहिनीने सप्टेंबर २००८ मध्ये एका घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या एका न्यायाधीशाऐवजी चुकून निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे १५ सेकंद दाखवले, तेव्हा पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटी रुपयांची भरपाई फर्मावली. अपील ऐकण्याआधी २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी भरण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही बदलला नाही. तिथे ती चूक अनवधानाने झाली होती, याबद्दल कोणाला शंका नव्हती. अमेरिकेत अशा दाव्याला पहिल्याच पायरीवर अडवले असते. आपली व्यवस्था प्रतिष्ठेला जपते, पण १०० कोटींच्या भीतीखाली छोटे वृत्तपत्र काय छापणे टाळेल, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

अमेरिकेतील उजव्यांना हा हिशेब फ्लोरिडात करावा लागला. सार्वजनिक व्यक्तींसाठी अब्रुनुकसानीचे दावे सोपे करणारे विधेयक गव्हर्नर रॉन डिसँटिस यांच्या पाठिंब्याने २०२३ मध्ये पुढे आले, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत उजव्या रेडिओ वाहिन्याही होत्या. रोज तासन्तास थेट बोलणारे आपले सूत्रसंचालकच पहिले बळी ठरतील, हे त्यांना पटकन उमगले. विधेयक बारगळले. मार्च २०२५ मध्ये कॅसिनो उद्योजक स्टीव्ह विन यांनी सुलिव्हनच्या फेरविचारासाठी केलेली याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतली नाही.

पेलिन यांच्या दाव्यात तर आणखी एक गाठ होती. न्यू यॉर्क राज्याने २०२० मध्ये, सामान्य लोकांना खटल्यांच्या धाकाने गप्प बसवू नये यासाठी, आपल्या स्वतःच्या कायद्यात तीच कसोटी घातली, आणि ती चालू दाव्यालाही लागू होते, असा निर्णय रॅकॉफ यांनी त्याच वर्षी दिला. त्यामुळे थॉमस आणि गॉर्सच यांना पुरेसे सहकारी मिळून सुलिव्हन उद्या मोडीत निघाला असता, तरी पेलिन यांना मॅनहॅटनमधील ज्युरीपुढे बेनेट यांच्या मनातील शंका सिद्ध करावीच लागली असती, आणि ती शंका तिथे नव्हती.